मालकी त्यांची, वहिवाट आमची

संघ सलग चार सामने हरला, एखादा लाडका खेळाडू विकला गेला किंवा मालकाने गाव सोडण्याची नुसती भाषा केली, की व्यावसायिक फुटबॉल आणि हॉकीच्या चाहत्यांत एक जुना वाद नव्याने पेटतो आणि दर वेळी तो तितक्याच वाईट रीतीने लढवला जातो. एक बाजू म्हणते, पैसा मालकाचा आहे, तोटाही त्याचाच आहे, तेव्हा तिकीट काढून बसणाऱ्याने खेळ पाहावा, टाळ्या वाजवाव्यात आणि घरी जावे. दुसरी म्हणते, संघ आमचा आहे, आमच्या बापजाद्यांनी तो जोपासला, म्हणून प्रशिक्षक कोण, गोलरक्षक कोण, कोणाला घ्यायचे, कोणाला विकायचे, सगळे आम्हाला विचारून व्हावे. आपण एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकाला उभे आहोत असे दोन्ही बाजूंना वाटते. पण चूक दोघांची एकच आहे. संघाचे सगळे निर्णय एकाच जातीचे असतात, हे दोघांनीही न तपासता धरून चालले आहे.

माझे म्हणणे असे आहे की चाहत्याचा संघावर हक्क आहे, पण तो मालकीचा नव्हे, वहिवाटीचा आहे. जमिनीच्या व्यवहाराशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. दुसऱ्याच्या शेतातून जाणारी वाट लोकांनी वर्षानुवर्षे उघडपणे, विनाअडथळा, हक्क म्हणून वापरली, की ती त्यांच्या हक्काची होते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने त्यासाठी वीस वर्षांची मुदत घातली आहे. त्यानंतरही शेत मालकाचेच राहते. कोणते पीक घ्यावे, विहीर कुठे खणावी, कामाला कोणाला ठेवावे, शेत कोणाला विकावे, यातले काहीही वाटसरूने ठरवायचे नसते. मात्र ती वाट नांगरून टाकण्याचा अधिकार मालकाला उरत नाही, आणि उद्या शेत विकले तरी नव्या मालकाकडे ते वाटेसकट जाते. संघाच्या बाबतीत पीक म्हणजे प्रशिक्षक, खेळाडू, डावपेच, या हंगामाचा खर्च. वाट म्हणजे नाव, रंग, बोधचिन्ह, मैदान आणि गाव. पीक बुडाले तर पुढच्या हंगामात दुसरे घेता येते. नांगरलेली वाट मात्र पुन्हा पडायला एक पिढी जाते, आणि अनेकदा ती पडतच नाही. (फुटबॉल हा शब्द इथे मी दोन्ही अर्थांनी वापरतो आहे, जग ज्याला फुटबॉल म्हणते तो आणि अमेरिकेत लांबट चेंडूने खेळला जातो तो, हॉकीचेही तसेच, हिरवळीवरची आणि बर्फावरची.)

आधी चाहत्यांच्या विरोधातला सर्वांत भक्कम मुद्दा मान्य करून टाकतो, कारण तो खरा आहे. पिकाच्या बाबतीत चाहत्याला बहुधा फार कळत नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात अ‍ॅलेक्स फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडला आले. तीन वर्षांनी त्याच संघाच्या मैदानावर, तीन वर्षे झाली, सबबी पुरे झाल्या, आता निघा, अशा अर्थाचा फलक झळकला, आणि तो लिहिणारा एकटा नव्हता. त्या हंगामात संघ तेराव्या क्रमांकावर राहिला. त्या दिवशी मतदान घेतले असते तर काय झाले असते हे सांगायला ज्योतिषी नको. त्याच हंगामाच्या अखेरीस संघाने एफए कप जिंकला, १९९३ मध्ये लीगचे विजेतेपद मिळवले आणि २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा लीगच्या विजेतेपदांची संख्या तेरा झाली होती. बर्फावरच्या हॉकीतले उदाहरण याहून बोलके आहे. ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटन ऑइलर्सचे मालक पीटर पॉकलिंग्टन यांनी वेन ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला धाडले. बदल्यात खेळाडू, पुढच्या वर्षांत नवोदित खेळाडू निवडण्याचे हक्क आणि दीड कोटी डॉलर घेतले. पाच वर्षांत चार वेळा स्टॅन्ले कप, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतले सर्वोच्च विजेतेपद, जिंकून देणारा, या खेळाने पाहिलेला कदाचित सर्वश्रेष्ठ खेळाडू असा विकला गेल्यावर लोकांनी मालकाचा पुतळा जाळला, आणि सरकारने हा व्यवहार रोखावा अशी मागणी कॅनडाच्या संसदेत एका खासदाराने केली. एका खेळाडूच्या बदलीसाठी संसद! पण १९९० मध्ये ग्रेट्झकीशिवाय एडमंटनने पुन्हा स्टॅन्ले कप जिंकला, आणि ग्रेट्झकीला मात्र नंतर तो कधीच मिळाला नाही. व्यवहार चांगला होता असे मी म्हणत नाही. तो न होणे हा चाहत्यांचा हक्क होता, असे म्हणता येत नाही, एवढेच.

आता यावरून काय सिद्ध होते? मालकांची बाजू घेणारे इथे एक मोठी उडी मारतात: ज्याला प्रशिक्षक निवडता येत नाही त्याला संघाच्या भवितव्याविषयी बोलण्याचा अधिकार नाही. हा निष्कर्ष निघतो कसा? मला आचाऱ्याचे काम येत नाही म्हणून माझ्या घराला कुलूप लावण्याचा अधिकार आचाऱ्याला मिळत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात याचा जिवंत पुरावा अमेरिकेतच आहे. ग्रीन बे पॅकर्स हा लांबट चेंडूच्या फुटबॉलमधला संघ १९२३ पासून ना-नफा तत्त्वावर चालतो. आज त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत, त्यांच्या भागांवर लाभांश मिळत नाही आणि ते बाजारात विकताही येत नाहीत. नफ्याची आशा नसलेला भाग विकत घेणारा माणूस नेमके काय विकत घेतो? संघ लाखभर वस्तीच्या त्या गावातून हलणार नाही, एवढी हमी. पण म्हणून हे भागधारक क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे सांभाळणारा खेळाडू, निवडत नाहीत. २००८ च्या मार्चमध्ये ब्रेट फार्व्हने निवृत्ती जाहीर केली, उन्हाळ्यात त्याला परत यावेसे वाटले, आणि संघाच्या व्यवस्थापनाने सोळा हंगाम खेळलेल्या या माणसाला ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवून अ‍ॅरन रॉजर्सला पुढे केले. सरावाच्या शिबिरात रॉजर्सची हुर्यो झाली. पहिल्या हंगामात संघ सोळापैकी सहाच सामने जिंकला, तेव्हा हुर्यो करणाऱ्यांना आपण बरोबर होतो असे वाटले असणार. २०११ च्या फेब्रुवारीत त्याच रॉजर्सने सुपर बोल, म्हणजे या फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकून दिला. चाहत्यांच्या मालकीच्या संघाने चाहत्यांना न आवडणारा निर्णय घेतला, तो टिकवला, आणि त्याने कोणाच्याही मालकीला धक्का लागला नाही. वाट त्यांची होती, पीक व्यवस्थापनाचे होते.

मालकांच्या बाजूचा दुसरा मुद्दा पैशाचा. जो धोका पत्करतो त्याने ठरवावे, हे तत्त्व ऐकायला न्याय्य वाटते, आणि पिकापुरते ते न्याय्य आहेच. पण धोका पत्करतो कोण, हे एकदा नीट पाहायला हवे. इंग्लंडमधला बरी हा १८८५ मध्ये स्थापन झालेला क्लब २०१८ च्या डिसेंबरात एका पौंडाला विकला गेला आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पैसे कुठून येणार याची खातरजमा न देता आल्यामुळे, लीगबाहेर काढला गेला. एका पौंडाच्या व्यवहारात मालकाने गमावण्यासारखे किती होते, आणि तीन पिढ्या त्या मैदानावर जाणाऱ्या घराने किती गमावले? मालकाचा तोटा ताळेबंदात मांडता येतो आणि दुसऱ्या धंद्यातून भरून काढता येतो. चाहत्याला दुसरा संघ धरण्याचा सल्ला देणाऱ्यांनी तो स्वतः एकदा आचरून पाहावा.

क्लीव्हलंडचे प्रकरण मला या वादाचा गाभा वाटते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी मालक आर्ट मॉडेल यांनी क्लीव्हलंड ब्राउन्स हा अमेरिकी फुटबॉलचा संघ बाल्टिमोरला नेत असल्याचे जाहीर केले. मॉडेल यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. शहराने बेसबॉल आणि बास्केटबॉलच्या संघांना नवी मैदाने बांधून दिली होती, ब्राउन्सचे जुने मैदान मात्र तसेच राहिले होते, आणि त्यात त्यांचे उत्पन्न घटले होते. पण योगायोग असा की जाहीर घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी त्या मैदानाच्या दुरुस्तीसाठीच्या कराचा प्रश्न मतदानाला होता, आणि ज्यांचा संघ आदल्या दिवशी हिरावला गेला होता त्या मतदारांनी तो कर मोठ्या फरकाने मंजूर केला. ग्राहक असे वागतो का? दुकान बंद झाल्याची पाटी लागल्यावर दुकानाच्या डागडुजीसाठी वर्गणी देणारा ग्राहक मी तरी पाहिलेला नाही. पुढे शहर न्यायालयात गेले आणि १९९६ च्या फेब्रुवारीत तडजोड झाली ती अशी: माणसे बाल्टिमोरला जातील, नाव, रंग आणि सगळा इतिहास क्लीव्हलंडमध्ये राहील. १९९९ मध्ये त्या नावाचा संघ पुन्हा उभा राहिला. बाल्टिमोरला गेलेल्या संघाने २००१ च्या जानेवारीत सुपर बोल जिंकला, आणि परत आलेल्या ब्राउन्सने २०१७ च्या हंगामात सोळाच्या सोळा सामने गमावले. तरी तो सौदा उलटा हवा होता असे क्लीव्हलंडमध्ये कोणी गंभीरपणे म्हणत नाही. चाहत्याला फक्त जिंकण्याशी मतलब असतो, म्हणून त्याचे ऐकू नये, हा युक्तिवाद या एका तडजोडीपुढे टिकत नाही.

आणि बाल्टिमोरने हा संघ का घेतला? कारण १९८४ च्या मार्चमधल्या एका रात्री त्यांचा स्वतःचा कोल्ट्स संघ सामानाच्या ट्रकांत भरून इंडियानापोलिसला गेला होता. एका गावची जखम भरायला दुसऱ्या गावाला जखम करायची, हा या व्यवहाराचा ठरलेला क्रम आहे. हॉकीतही तो दिसतो. विनिपेगचा जेट्स १९९६ मध्ये फिनिक्सला गेला. पंधरा वर्षांनी विनिपेगला संघ परत मिळाला तो अटलांटाचा उचलून. क्वेबेकच्या नॉर्डिक्सची गोष्ट तर क्रूर म्हणावी अशी: १९९५ मध्ये संघ डेन्व्हरला गेला आणि पुढच्याच वर्षी, १९९६ च्या जूनमध्ये, त्याने स्टॅन्ले कप जिंकला. वर्षानुवर्षे पडझडीचे हंगाम सोसून ज्यांनी तो संघ मोठा होताना पाहिला, त्यांनी विजयाची मिरवणूक दूरचित्रवाणीवर दुसऱ्या शहरात पाहिली.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांना एक अडचणीची गोष्ट सांगावी लागते. विनिपेगहून वाळवंटात गेलेल्या संघाची थट्टा करणे ही कित्येक वर्षे हॉकीच्या चाहत्यांची आवडती करमणूक होती: जिथे बर्फ पडत नाही तिथे हॉकी कोण पाहणार, वगैरे. संघ दिवाळखोरीत गेला, लीगने तो ताब्यात घेतला, शेवटी विद्यापीठाच्या सुमारे ५,००० आसनांच्या मैदानावर खेळू लागला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये सॉल्ट लेक सिटीला हलवला गेला. थट्टा करणाऱ्यांना त्यात न्याय दिसला. पण १९९६ मध्ये आठ वर्षांचे असलेले मूल २०२४ मध्ये छत्तीस वर्षांचे होते. त्या मुलाची वाट अठ्ठावीस वर्षांची होती. ती विनिपेगच्या वाटेपेक्षा कमी पवित्र का मानायची? हिवाळा किती कडक आहे यावर वहिवाट ठरत नाही. ज्यांना स्वतःसाठी हा हक्क हवा आहे त्यांनी तो न आवडणाऱ्या गावालाही द्यायला हवा.

जिंकण्याच्या मुद्द्याकडे परत येतो, कारण या बाबतीत चाहत्यांची जितकी हेटाळणी होते तितकी त्यांची वागणूक तिला दुजोरा देत नाही. २०१२ मध्ये कार्डिफ सिटीच्या मालकांनी संघाची निळी जर्सी लाल केली. परदेशातल्या बाजारात लाल रंग चालतो, असा हिशेब होता. लाल जर्सीतल्या त्या संघाने २०१३ मध्ये आपली लीग जिंकली आणि तो अर्धशतकानंतर इंग्लिश फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत पोचला. तरीही निळ्यासाठीची मागणी थांबली नाही, आणि २०१५ च्या जानेवारीत मालकांना निळा रंग परत आणावा लागला. हल सिटीचे नाव बदलून त्यात वाघ घालण्याचा मालकांचा प्रस्ताव २०१४ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनेच फेटाळला. आपल्याकडे मोहन बागानचे उदाहरण ताजे आहे. १८८९ मध्ये स्थापन झालेला, १९११ मध्ये अनवाणी खेळून ब्रिटिश पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकणारा हा क्लब २०२० मध्ये सहा वर्षांच्या एका फ्रँचायझीत विलीन झाला आणि त्या फ्रँचायझीचे नाव, एटीके, त्याच्या नावाआधी लागले. व्यवहार म्हणून पाहिले तर क्लबला पैशाची गरज होती आणि नव्या मालकांनी तो आणला. हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण चाहत्यांनी पैसा नाकारला नाही, मालक नाकारले नाहीत, प्रशिक्षकाविषयी अटी घातल्या नाहीत. पुढे लागलेली तीन अक्षरे काढा, एवढेच ते तीन वर्षे म्हणत राहिले. २०२३ च्या मार्चमध्ये संघाने इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली त्याच रात्री मालकांनी ती काढण्याची घोषणा केली. विजयाच्या आनंदात सगळे विसरून जाण्याची संधी चाहत्यांना होती. ते विसरले नाहीत, म्हणून ही घोषणा झाली.

आता माझ्या भूमिकेला सर्वांत जड जाणारा आक्षेप. नावावर चाहत्यांचा नकाराधिकार असेल, तर वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचे काय? अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कातडीच्या रंगावरून पडलेली शिवी त्या संघाने दशकानुदशके नाव म्हणून मिरवली. ते नाव बदलू नये असे म्हणणारे चाहते थोडे नव्हते, कधीही बदलणार नाही असे मालकही म्हणत होते, आणि २०२० च्या जुलैत ते नाव गेले ते प्रायोजकांनी डोळे वटारल्यावर. माझ्या नियमाने ते नाव अजून टिकले असते, असे कोणी म्हटले तर मला झटकून टाकता येत नाही. मी यावर बराच विचार केला आणि मला नियमच थोडा आवळावा लागला. वाटेच्या हक्कात वाटेवरून जाता जाता शेजाऱ्याच्या अंगणात घाण टाकण्याचा हक्क येत नाही. चाहत्याचा नकाराधिकार मालकाविरुद्ध आहे, तिसऱ्या माणसाच्या प्रतिष्ठेविरुद्ध नाही. ज्या समाजाच्या नावाने आपण घोषणा देतो त्याने हात जोडून, मग हात उगारून, थांबा म्हटल्यावर हा आमचा वारसा आहे असे उत्तर देणारा चाहता आणि हे माझे शेत आहे असे उत्तर देणारा मालक यांत मला फरक दिसत नाही.

याच्याच शेजारी दुसरी मर्यादा आहे. चाहता म्हणजे सगळे गाव नव्हे. २०२३ च्या मे महिन्यात अ‍ॅरिझोनातल्या टेम्पीच्या मतदारांनी याच वाळवंटातल्या हॉकी संघाच्या नव्या मैदानाचा प्रकल्प फेटाळला, आणि संघ जाण्याचे ते एक तात्कालिक कारण ठरले. चाहत्यांनी मतदारांना दूषणे दिली. पण ज्याने आयुष्यात कधी सामना पाहिला नाही त्याच्यावर माझ्या वाटेचा खर्च का पडावा? संघ गावात ठेवा ही मागणी न्याय्य आहे. त्यासाठी मालक मागेल तेवढी जमीन आणि सवलत द्या ही मागणी तिच्यातून आपोआप निघत नाही. उलट संघ हलवण्याची धमकी ज्या दिवशी पोकळ होईल त्या दिवशी शहरांकडून मैदाने उकळण्याचा मालकांचा धंदाही बसेल. म्हणजे वहिवाटीचा हक्क चाहत्याइतकाच त्या न पाहणाऱ्या करदात्याच्याही कामाचा आहे.

मग चाहता कोण, हा प्रश्न उरतो, आणि तो फसवा नाही. मोठ्या क्लबांचे बहुसंख्य चाहते हजारो मैलांवर पडद्यासमोर बसलेले असतात. त्यांचेही प्रेम खरे असते. पण वहिवाट प्रेमाने पडत नाही, पायांनी पडते. हंगामी तिकीटधारक, वर्गणीदार सभासद, वर्षानुवर्षे मैदानावर येणारी माणसे मोजता येतात, आणि जर्मनीत ती मोजली जातात. तिथे १९९८ पासून क्लबांना आपला फुटबॉल विभाग कंपनी म्हणून चालवता येतो, पण त्या कंपनीतल्या मतांपैकी निम्म्याहून किमान एक अधिक मत सभासदांच्या मूळ संस्थेकडे राहावे लागते. ही व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. तिच्या छत्राखाली २०१३ ते २०२३ अशी सलग अकरा वर्षे एकटा बायर्न म्युनिक विजेता ठरला, आणि ती साखळी २०२४ मध्ये तोडली ती लेव्हरकुसेनने, म्हणजे या नियमातून जुनी सवलत मिळालेल्या, एका औषध कंपनीच्या क्लबने. नियतीलाही विनोदबुद्धी असते. पण हा आक्षेप पिकावरचा आहे. वाटेपुरते पाहायचे तर २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी स्वतःपुरती बंदिस्त सुपर लीग जाहीर केली तेव्हा त्यांत एकही जर्मन क्लब नव्हता. सहा इंग्लिश क्लब होते, आणि चाहते रस्त्यावर उतरल्यावर दोन दिवसांत ते सहाही माघारी फिरले. जे इंग्लंडमध्ये रस्त्यावर उतरून मिळवावे लागले ते जर्मनीत कागदावर आधीच होते. पुढे जर्मन लीगने प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला वाटा गुंतवणूकदाराला विकायचे ठरवले, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत लीगने तो बेत सोडला. सामने थांबवण्याची ती रीत मला पसंत नाही. परिणाम मात्र पसंत आहे.

चाहत्यांच्या हाती सगळेच देणे हा उपाय नाही, हे पोर्ट्समथच्या चाहत्यांनी स्वतःच दाखवून दिले. बुडता क्लब त्यांनी २०१३ मध्ये विकत घेतला, कर्जातून सावरला, आणि आता वरच्या श्रेणीत जायला लागणारा पैसा आपल्याकडे नाही हे ओळखून २०१७ मध्ये मतदान करून तो एका धनवंताला विकला. विकताना त्यांनी नाव, रंग, बोधचिन्ह अशा वारशाच्या बाबतींत चाहत्यांचा शब्द राहील अशी तजवीज केली. शेत विकले, वाट राखली. मालकी आणि वहिवाट या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत हे इतक्या शहाणपणाने दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

भारतातल्या व्यावसायिक लीगांकडे या दृष्टीने पाहिले की एक निराळेच दुखणे दिसते: इथे वाट पडायला वेळच दिला जात नाही. हॉकी इंडिया लीगचे २०१३ मधले पहिले विजेतेपद रांची ऱ्हायनोजने पटकावले. दोन हंगामांत तो संघ नाहीसा झाला. २०१७ नंतर लीगच थांबली आणि २०२४ च्या डिसेंबरात परतली ती बहुतेक नव्या नावांनी. फुटबॉलमध्ये एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ एवढा जगला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. त्याच वर्षी दिल्लीचा संघ भुवनेश्वरला जाऊन ओडिशाचा झाला. महिंद्र युनायटेडसारखा राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ २०१० मध्ये कंपनीच्या एका निर्णयाने बंद पडला होता. आणि मग स्टेडियमे रिकामी राहतात अशी तक्रार संघ बंद करणारे आणि हलवणारे हेच लोक करतात! सहा हंगामांच्या वर टिकेल याची खात्री नसलेल्या नावाच्या मागे कोणी आपल्या मुलाला घेऊन का जावे? रिकामे बाक हा संघ हलवण्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो, पण बऱ्याचदा तो आधीच्या हलवाहलवीचा परिणाम असतो. वापरच न झाल्यास वहिवाट बुडते, हे कायदाही सांगतो. मात्र त्यासाठीही तो वीस वर्षे वाट पाहतो.

हे सगळे भावनेपुरते नाही, त्याला कायद्याचे रूप देता येते. ब्राउन्स गेल्यावर ओहायो राज्याने १९९६ मध्ये कायदा केला: ज्या संघाने करदात्यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या मैदानाचा लाभ घेतला आहे त्याने गाव सोडण्याआधी सहा महिने सूचना द्यावी आणि स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी. मालकी हिरावून घेतलेली नाही, फक्त वाट नांगरण्याआधी थांबायला सांगितले आहे. ओहायोतलाच कोलंबस क्रू हा फुटबॉल संघ ऑस्टिनला नेण्याचा बेत २०१७ मध्ये उघड झाला तेव्हा याच कायद्याचा आधार घेऊन ओहायो राज्याने न्यायालयात धाव घेतली, चाहत्यांनी मोहीम चालवली, वर्षभरात स्थानिक खरेदीदार पुढे आले आणि संघ राहिला. त्याने २०२० आणि २०२३ मध्ये एमएलएस कप, म्हणजे तिथल्या लीगचे विजेतेपद, जिंकला, आणि ऑस्टिनला २०२१ मध्ये स्वतःचा नवा संघ मिळाला. कोणाचे नुकसान झाले? इंग्लंडने २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने फुटबॉलवर स्वतंत्र नियामक नेमला आहे. मैदान विकणे किंवा हलवणे त्याच्या संमतीशिवाय होणार नाही, आणि बोधचिन्ह व घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर चाहत्यांचा पाठिंबा दाखवावा लागेल. प्रशिक्षक कोण असावा याबद्दल त्या कायद्यात अक्षर नाही, आणि ते योग्यच आहे. पुढच्या पराभवानंतर प्रशिक्षकाला काढा म्हणून ओरडणाऱ्यांत मीही असेन, पण माझे ओरडणे त्यांनी कानाआड करावे अशीच व्यवस्था मला हवी आहे.

तो कायदा यायला ज्यांच्या बाबतीत उशीर झाला त्यांच्याविषयी लिहून थांबतो. २००२ च्या मे महिन्यात तिघांच्या समितीने विम्बल्डनच्या फुटबॉल क्लबला दूरच्या मिल्टन कीन्सला जाण्याची परवानगी दोन विरुद्ध एक मताने दिली. चाहत्यांनी नवा क्लब काढणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे होणार नाही, असे मतही त्या अहवालात नोंदवलेले होते. काही आठवड्यांत चाहत्यांनी क्लब काढला, सार्वजनिक माळरानावर खेळाडूंच्या निवड चाचण्या घेतल्या आणि नवव्या श्रेणीतून सुरुवात केली. २०११ मध्ये तो संघ व्यावसायिक लीगमध्ये पोचला, आणि मिल्टन कीन्सला गेलेला संघ २०१८ मध्ये घसरून त्याच्या खालच्या श्रेणीत गेला. मग त्यांनी आपल्या जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, त्याच रस्त्याच्या नावाने, नवे मैदान बांधायला घेतले. पैसे कमी पडले तेव्हा रोखे काढून ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम प्रामुख्याने चाहत्यांतूनच उभी केली. ३ नोव्हेंबर २०२० रोजी तिथे पहिला सामना झाला. साथीमुळे आत कोणालाही सोडले नव्हते. अठरा वर्षे ज्यांनी त्या मैदानासाठी घालवली त्यांनी तो सामना घरी बसून पाहिला. निकाल दोन-दोन बरोबरीचा लागला.